अणुभट्टीला खोटं चालत नाही

२८ मार्च १९७९च्या पहाटे चारच्या सुमारास अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या थ्री माइल आयलंड अणुकेंद्रात, नियंत्रण कक्षातला एक दिवा विझला. दाब कमी करण्यासाठी उघडलेली झडप पुन्हा बंद झाली, असा त्याचा अर्थ कर्मचाऱ्यांनी घेतला. प्रत्यक्षात झडप उघडीच अडकली होती. झडप बंद करण्याचा हुकूम सुटला की तो दिवा विझायचा. हुकमाची तामिली झाली की नाही, हे दाखवायची सोयच त्याच्यात नव्हती. दोन तासांहून अधिक काळ त्या वाटेने भट्टीचा गाभा, म्हणजे इंधन असलेला मधला भाग, थंड ठेवणारं पाणी निसटत राहिलं. त्यात भर म्हणजे, पाणी जास्त झालंय या समजुतीने कर्मचाऱ्यांनी आपत्कालीन पंपांचं पाणीही कमी केलं. भट्टीचा जवळपास अर्धा गाभा वितळला.

काँक्रीटचं जाड कवच टिकलं, म्हणून फार किरणोत्सर्ग बाहेर गेला नाही. अणुऊर्जेचे समर्थक ही बाजू आवर्जून सांगतात आणि ती खरीच आहे. पण मला त्याआधीची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. दीड वर्षापूर्वी, सप्टेंबर १९७७मध्ये, ओहायो राज्यातल्या डेव्हिस-बेसी केंद्रात त्याच कंपनीने बनवलेल्या भट्टीत तशीच झडप तशीच उघडी अडकली होती. तिथे भट्टी अगदी कमी शक्तीवर चालू होती आणि वीसेक मिनिटांत चूक लक्षात आली, म्हणून निभावलं. त्यानंतर भट्टी बनवणाऱ्या कंपनीतल्याच अभियंत्यांनी वरिष्ठांना टिपणं लिहिली, की हे सगळ्या केंद्रांना कळवा, नाहीतर पुढच्या वेळी गाभा उघडा पडेल. ती टिपणं कंपनीतच फिरत राहिली. थ्री माइल आयलंडच्या कर्मचाऱ्यांपर्यंत ती पोचलीच नाहीत.

अणुऊर्जा सुरक्षित आहे का, या प्रश्नावर पन्नास वर्षं वाद चालू आहे आणि तो बहुतेक वेळा यंत्राभोवतीच फिरतो. भट्टी कोणत्या पिढीची, कवच किती जाड, पंप किती. माझं म्हणणं असं, की मोठे अपघात ज्या कारणाने झाले ते कारण यंत्राच्या आराखड्यात अर्धंच सापडतं. उरलेलं अर्धं कारण हे, की धोका कुणाला तरी आधी माहीत होता आणि ती माहिती जिथे पोचायला हवी तिथे पोचली नाही.

चेर्नोबिलचंच बघा. तिथल्या आरबीएमके या सोव्हिएत जातीच्या भट्टीत नियंत्रक कांड्यांच्या, म्हणजे आत सोडून भट्टी आवरायच्या कांड्यांच्या, टोकाला ग्रॅफाइटचे भाग जोडलेले होते. सगळ्या कांड्या वर ओढलेल्या असताना त्या एकदम आत सोडल्या, तर पहिले काही क्षण भट्टी विझण्याऐवजी उलट भडकायची. म्हणजे तातडीने थांबवण्याचं बटणच ठरावीक स्थितीत आग वाढवणारं होतं. हा दोष १९८३मध्ये लिथुआनियातल्या इग्नालिना केंद्रात भट्टी सुरू करतानाच्या चाचण्यांमध्ये दिसला होता. तज्ज्ञांमध्ये पत्रव्यवहारही झाला. पण भट्टी हाताळणाऱ्या माणसांना या गोष्टीचं गांभीर्य कुणी सांगितलं नाही. २६ एप्रिल १९८६च्या रात्री १ वाजून २३ मिनिटांनी चेर्नोबिलच्या चौथ्या भट्टीत ते बटण दाबलं गेलं. त्या रात्री दोघे गेले, पुढच्या काही महिन्यांत किरणोत्सर्गाच्या तीव्र बाधेने आणखी २८ जण.

त्यानंतरची लपवाछपवी तर अधिक क्रूर होती. जगाला पहिली खूण मिळाली ती दोन दिवसांनी, स्वीडनच्या फोर्समार्क केंद्रात, एका कर्मचाऱ्याच्या बुटांवरच्या धुळीने तपासणी यंत्र वाजलं तेव्हा. मॉस्कोने त्या संध्याकाळी त्रोटक निवेदन दिलं. कीव्हमध्ये १ मेचं संचलन ठरल्याप्रमाणे झालं. त्या दिवसांत बेलारूस आणि युक्रेनच्या गावांमधली मुलं गायीचं दूध पीत होती आणि दुधात किरणोत्सारी आयोडिन उतरलं होतं. पुढे हजारो मुलांना थायरॉइडचा कर्करोग झाला. ‘काही दिवस ताजं दूध देऊ नका’ एवढं एक वाक्य वेळेवर गावोगाव पोचलं असतं, तर त्यांतली कितीतरी मुलं या आजारापासून वाचली असती. त्यासाठी कोणतंही तंत्रज्ञान लागलं नसतं.

फुकुशिमाची हकिगत तर जपानसारख्या शिस्तीच्या देशातली, म्हणून ती जास्त अस्वस्थ करते. ११ मार्च २०११ला ९ रिश्टरच्या आसपासचा भूकंप झाला आणि चालू भट्ट्या ठरल्याप्रमाणे आपोआप बंद झाल्या. पण अणुभट्टी बंद केली म्हणजे थंड होत नाही. विखंडन थांबल्यावरही इंधनातल्या किरणोत्सारी द्रव्यांची उष्णता निघतच राहते, सुरुवातीला पूर्ण शक्तीच्या ६ ते ७ टक्के. मोठ्या भट्टीच्या बाबतीत ही उष्णता सुमारे २०० मेगावॅट भरते. ती काढून घ्यायला दिवसेंदिवस पाणी फिरवत राहावं लागतं, त्यासाठी पंप लागतात आणि पंपांना वीज लागते. भूकंपाने बाहेरची वीज गेली, डिझेल जनित्रं सुरू झाली, आणि सुमारे पन्नास मिनिटांनी आलेल्या त्सुनामीने तळघरातली ती जनित्रं बुडवली. तीन भट्ट्यांचे गाभे वितळले. दीड लाखाहून अधिक लोकांना घरदार सोडावं लागलं.

लाट अनपेक्षित होती, असं तेव्हा सांगितलं गेलं. पण तेपको या मालक कंपनीच्या स्वतःच्याच २००८मधल्या आकडेमोडीत १५.७ मीटरपर्यंत पाणी चढू शकेल, असं निघालं होतं. केंद्राची तयारी होती सुमारे सहा मीटरच्या लाटेची. कंपनीने अजून अभ्यास करू म्हणत निर्णय पुढे ढकलला आणि नियामक संस्थेला ती आकडेमोड दिली ७ मार्च २०११ला, म्हणजे त्सुनामीच्या चार दिवस आधी. ती नियामक संस्था ज्या मंत्रालयाच्या हाताखाली होती, त्याच मंत्रालयाकडे अणुऊर्जेचा प्रसार करण्याचं काम होतं. जपानी संसदेने नेमलेल्या स्वतंत्र चौकशी आयोगाने २०१२च्या अहवालात हा अपघात मानवनिर्मित ठरवला तो याच कारणाने.

त्याच किनाऱ्यावर, भूकंपाच्या केंद्राला फुकुशिमापेक्षा जवळ, ओनागावा अणुकेंद्र आहे. तिथेही जवळपास तेवढीच लाट आली. पण ते केंद्र समुद्रसपाटीपासून १४.८ मीटर उंचीवर बांधलेलं होतं. इतक्या उंचीचा खर्च कशाला, असं आराखड्याच्या वेळी अनेकांना वाटत होतं. यानोसुके हिराई नावाच्या अभियंत्याने इसवी सन ८६९च्या महात्सुनामीचा दाखला देत उंचीचा हट्ट सोडला नाही, आणि त्या कंपनीने त्याचं ऐकलं. २०११च्या मार्चमध्ये ओनागावाच्या भट्ट्या सुरक्षित थंड झाल्या, आणि घरं वाहून गेलेल्या तीनशेहून अधिक गावकऱ्यांनी आसरा घेतला तो त्या अणुकेंद्राच्या आवारात. देश एक, किनारा एक, लाट एक. एका कंपनीने नकोशी बातमी ऐकून घेतली, दुसरीने फाइलमध्ये ठेवली.

आता मृत्यूंचा हिशेब, कारण त्याशिवाय हा वाद अपुरा राहतो. दर एक टेरावॅट-तास, म्हणजे एक अब्ज युनिट, विजेमागे अपघात आणि प्रदूषण मिळून कोळशामुळे सुमारे २५ माणसं मरतात, नैसर्गिक वायूमुळे सुमारे ३. अणू, वारा आणि सूर्य या तिन्हींचा आकडा ०.०५च्याही खाली आहे, आणि अणुऊर्जेच्या आकड्यात चेर्नोबिल-फुकुशिमा धरलेले आहेत. कोळशाचा धूर रोज, गाजावाजा न होता, लाखो फुप्फुसांत जातो. ज्याला माणसांच्या जिवाची काळजी आहे त्याने पहिलं बोट कोळशाकडे दाखवायला हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. किरणोत्सर्गाची भीती माणसांना खरोखर होणाऱ्या इजेपेक्षा कितीतरी मोठी झालेली आहे. फुकुशिमा प्रांतात किरणोत्सर्गापेक्षा स्थलांतराच्या हालांनी जास्त माणसं गेली. त्यांतली बरीच वृद्ध होती, रुग्णालयांतून आणि वृद्धाश्रमांतून घाईघाईने हलवलेली.

मग सरासरी इतकी चांगली असताना मी नव्या अणुभट्ट्यांबद्दल सावध का? कारण ती सरासरी सांभाळायला एक अट आहे: यंत्रणेतल्या प्रत्येक पायरीवर खरं बोललं गेलं पाहिजे आणि वरच्याने ते ऐकलं पाहिजे. भट्टीच्या आयुष्याची साठ वर्षं, आणि तिच्या किरणोत्सारी कचऱ्याच्या बाबतीत त्याहून कितीतरी जास्त काळ. सरकारं बदलतील, कंपन्या विकल्या जातील, मंदी येईल, देखभालीच्या खर्चाला कात्री लागेल, तरीही. सौर पॅनेलवर ही अट नाही. निकृष्ट पॅनेल बसवलं, कंत्राटदाराने पैसे खाल्ले, तपासनिसाने न बघता सही केली, तर वीज कमी मिळते, पैसे बुडतात. पवनचक्की पेटली तर ती एकटी जळते. या तंत्रज्ञानाला माणसाचा नेहमीचा निष्काळजीपणा आणि नेहमीची अप्रामाणिकता सोसते. जगातली बहुतेक सरकारं आणि कंपन्या ज्या दर्जाने काम करतात तो दर्जा पाहता, सूर्य आणि वाऱ्याच्या बाजूचा हा मला सर्वांत भक्कम मुद्दा वाटतो. हवामानबदलाच्या चर्चेत तो क्वचितच निघतो.

सोसतं म्हणजे सगळं निर्दोष असतं असं नाही. जलविद्युतही नवीकरणीयच, आणि ऑगस्ट १९७५मध्ये चीनच्या हनान प्रांतात बानचाओ आणि आसपासची अनेक धरणं फुटून एका फटक्यात जेवढी माणसं मेली तेवढी कोणत्याही अणुअपघातात मेली नाहीत. अंदाज २६ हजारांपासून दोन लाखांच्याही पुढे जातात. धरणांच्या सुरक्षिततेबद्दल इशारे देणाऱ्या चेन शिंग या जलतज्ज्ञाला त्याआधी बाजूला सारलेलं होतं, आणि दुर्घटनेचा तपशील कित्येक वर्षं जाहीर झाला नाही. तिथेही तेच. सौर पॅनेलच्या उत्पादनसाखळीतल्या प्रत्येक टप्प्याचा ८० टक्क्यांहून अधिक भाग एकट्या चीनच्या हातात आहे, आणि तिथल्या शिनजियांग प्रांतात बनणाऱ्या पॉलिसिलिकॉनवर, म्हणजे पॅनेलच्या कच्च्या मालावर, वेठबिगारीचे गंभीर आरोप आहेत. स्वच्छ विजेचा आग्रह धरणाऱ्यांनी या प्रश्नावर गप्प बसणं मला मान्य नाही.

वेग आणि पैसा यांच्याबद्दल फार लिहायची गरज नाही, कारण आकडे बोलके आहेत. फ्रान्सच्या फ्लामांव्हिल-३ भट्टीचं काम २००७मध्ये सुरू झालं, अंदाज ३.३ अब्ज युरोंचा होता. वीज आली डिसेंबर २०२४मध्ये, खर्च १३ अब्जांच्या पुढे. फिनलंडची ओल्किलुओटो-३ २००९मध्ये सुरू व्हायची होती, नियमित सुरू झाली २०२३मध्ये. अमेरिकेत जॉर्जियातल्या व्होगल केंद्राच्या दोन नव्या भट्ट्यांचा अंदाज १४ अब्ज डॉलरचा होता, तो ३० अब्जांच्या पलीकडे गेला. दक्षिण कॅरोलायनात तर सुमारे ९ अब्ज डॉलर खर्चून २०१७मध्ये दोन भट्ट्या अर्धवट सोडल्या, आणि काम रखडल्याचं गुंतवणूकदारांपासून लपवल्याबद्दल कंपनीच्या माजी मुख्याधिकाऱ्याला पुढे तुरुंगात जावं लागलं. त्याच काळात सौर विजेचा खर्च दशकभरात सुमारे ९० टक्क्यांनी उतरला. २०२४ या एका वर्षात जगाने ४५० गिगावॅटहून अधिक सौर क्षमता बसवली, तर जगातल्या सगळ्या अणुभट्ट्यांची मिळून क्षमता ४०० गिगावॅटच्या आत आहे. रात्र आणि ढग धरून हिशेब केला तरी, त्या एका वर्षाच्या भरीतून सगळ्या अणुभट्ट्यांच्या वार्षिक विजेच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकी वीज मिळते.

भट्ट्या झपाट्याने उभ्या राहूच शकत नाहीत असं मात्र नाही. फ्रान्सने १९७४च्या मेस्मेर योजनेनंतर पंधरा-वीस वर्षांत आपली बहुतांश वीज अणुऊर्जेवर आणली. संयुक्त अरब अमिरातीच्या बराका केंद्रात चार भट्ट्या २०१२ ते २०२४ या काळात उभ्या राहिल्या. चीन आजही साधारण सहा वर्षांत एक भट्टी पुरी करतो. पण मेस्मेर योजना संसदेत चर्चा न होताच जाहीर झाली होती, आणि उरलेल्या दोन ठिकाणी जाहीर विरोधाला वावच नाही. सुरक्षिततेसाठी जो मोकळेपणा हवा तोच वेगाच्या आड येतो. ही अणुऊर्जेची मूळ अडचण आहे, आणि कारखान्यात भाग बनवून जागेवर जोडायच्या छोट्या ‘मॉड्युलर’ भट्ट्यांच्या घोषणांनी ती सुटेल असं मला वाटत नाही. अमेरिकेतला त्यांचा पहिला मोठा प्रकल्प नोव्हेंबर २०२३मध्ये खर्च वाढल्यामुळे रद्द झाला.

सूर्य-वाऱ्याची खरी कसोटी दुसरीकडे आहे. रात्रीचा प्रश्न बॅटऱ्यांनी बराचसा सोडवला आहे. कॅलिफोर्नियात २०२४च्या वसंतात काही संध्याकाळी बॅटऱ्या हाच ग्रिडचा सर्वांत मोठा स्रोत होता. उत्तरेकडच्या देशांतला हिवाळा ही वेगळी गोष्ट. नोव्हेंबर आणि डिसेंबर २०२४मध्ये जर्मनीवर दिवसेंदिवस ढग आणि निवांत हवा राहिली, पवनचक्क्या थांबल्या आणि बाजारातला विजेचा भाव काही तासांसाठी प्रचंड वाढला. चार तासांची बॅटरी अशा आठवड्याला पुरत नाही. लांब पल्ल्याच्या पारेषण वाहिन्या, पाणी वर चढवून साठवणारी जलाशयं, मागणी पुढेमागे सरकवण्याच्या योजना या सगळ्याने बरंच भागतं, सगळं भागत नाही. त्या फटीत आज बहुतेक ठिकाणी कोळसा किंवा वायू जळतो.

म्हणूनच चालू असलेल्या, नीट देखरेखीखालच्या भट्ट्या आधी बंद करणं मला चूक वाटतं. जर्मनीने ते केलं. जानेवारी २०२३मध्ये तिथे लिग्नाइट या हलक्या प्रतीच्या कोळशाच्या खाणीसाठी ल्युत्सेराट हे गाव रिकामं करण्यात आलं, आंदोलकांना पोलिसांनी उचलून नेलं. एप्रिल २०२३मध्ये शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद झाल्या. कोळशाची अखेरची तारीख मात्र कायद्यात २०३८ आहे. हा क्रम उलटा हवा होता: आधी लिग्नाइट, मग वायू, आणि अणुभट्ट्या सर्वांत शेवटी. जर्मनीच्या सौर आणि पवन कार्यक्रमाने साऱ्या जगासाठी या वस्तू स्वस्त केल्या, त्याबद्दल मनापासून आदर बाळगूनही हे म्हणावं लागतं.

नव्या भट्टीला मात्र मी एकच परीक्षा लावीन. त्या देशाच्या नियामकाने मालकाला कधी ठाम नकार दिला आहे का, आणि दिल्यावर तो नियामक आपल्या जागी राहिला का? फुकुशिमानंतर नव्याने उभ्या केलेल्या जपानच्या नियामक प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४मध्ये त्सुरुगा-२ ही भट्टी पुन्हा सुरू करायला परवानगी नाकारली, कारण तिच्याखाली जिवंत भूभ्रंश, म्हणजे भूकंप घडवू शकणारी खडकातली भेग, असण्याची शक्यता फेटाळता येत नव्हती. नव्या नियमांखालचा तो पहिला नकार. असा नकार जिथे कधी आलाच नाही, तिथे सगळं आलबेल असल्यामुळे तो आला नाही, यावर मी विश्वास ठेवणार नाही. तिथला नवा पैसा सूर्य, वारा, साठवण आणि वाहिन्यांवर गेलेला बरा.

कचऱ्याच्या बाबतीतही हीच परीक्षा लागू पडते. फिनलंडमध्ये ओन्कालो इथे चारशे मीटरहून खोल, जवळपास दोन अब्ज वर्षं जुन्या खडकात वापरलेलं इंधन तांब्याच्या डब्यांत कायमचं पुरण्याची व्यवस्था बांधून झाली आहे. तिथल्या एउरायोकी नगरपालिकेला प्रकल्प नाकारण्याचा अधिकार कायद्याने होता, आणि तिने तो न वापरता होकार दिला. अमेरिकेच्या काँग्रेसने १९८७मध्ये नेवाडाच्या विरोधाला न जुमानता युक्का पर्वत एकमेव जागा म्हणून ठरवून टाकला. अब्जावधी डॉलर खर्च झाले, आणि आजही तिथे इंधनाची एक कांडी पोचलेली नाही. खडक दोन्हीकडे अभ्यासलेला होता. फरक लोकांना विचारण्यात होता.

राहतो तो युद्धाचा प्रश्न, आणि अणुऊर्जेच्या विरोधकांचा हा मुद्दा मला सर्वांत जड वाटतो. मार्च २०२२मध्ये रशियन सैन्याने युक्रेनमधलं झापोरिझ्झिया केंद्र ताब्यात घेतलं. सहा भट्ट्यांचं हे युरोपातलं सर्वांत मोठं अणुकेंद्र. भट्ट्या आता बंद आहेत, पण थंड ठेवायला बाहेरची वीज लागतेच आणि ती अनेकदा तुटली आहे. जून २०२३मध्ये काखोव्का धरण फुटलं आणि ज्या जलाशयातून केंद्र पाणी घ्यायचं तो आटला. नियामक कितीही प्रामाणिक असला, तरी तोफखान्यापुढे त्याचं काही चालत नाही. कोणत्याही देशाची पुढची साठ वर्षं शांततेत जातील, ही हमी कुणीच देऊ शकत नाही.

यावर पूर्ण उपाय नाही, पण धोका बराच कमी करणारी एक गोष्ट हातात आहे. वापरलेलं इंधन पाण्याच्या टाक्यांत साचवून ठेवलं, तर पंप आणि वीज यांच्यावरचं अवलंबन कायम राहतं. पाचेक वर्षं थंड झालेलं इंधन पोलाद-काँक्रीटच्या जाड पिंपांत हलवता येतं, आणि तिथे नुसत्या हवेवर ते थंड राहतं. फुकुशिमात अशी नऊ पिंपं होती, त्यांत इंधनाचे ४०८ जुडगे. त्सुनामीचं पाणी त्या इमारतीतही शिरलं होतं. पुढे पिंपं उघडून तपासली तेव्हा आतलं इंधन शाबूत निघालं. तरीही जगभरातल्या अनेक केंद्रांत टाक्या गच्च भरलेल्या आहेत, कारण पिंपांना पैसे लागतात आणि टाकी तर आधीच बांधलेली असते. अणुऊर्जा हवी म्हणणारे आणि नको म्हणणारे, दोघांनीही मिळून मागावी अशी ही मागणी आहे: पाच वर्षांपेक्षा जुनं इंधन टाकीतून पिंपात, केंद्रागणिक जाहीर वेळापत्रकासह. नव्या भट्टीचा निर्णय होवो अथवा न होवो, हे काम या वर्षीच सुरू करता येईल.